चौथा गोल कोण मोजतो?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल टीव्हीवर बघून डोळे दिपतात, पण शिकायचं असेल तर इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनचे संघ बघा; तिथं चुका होतात आणि त्या आपल्याला दिसतात. त्यावर पत्रं आली ती बहुतेक एकाच क्लबबद्दल, ब्लॅकबर्न रोव्हर्स. कारण उघड आहे, मालक आपल्या पुण्याचे. त्यातली निवडक पत्रं घेतोय. ज्यांनी ‘यंदा चषक कुठली तालीम नेणार’ असं विचारलंय त्यांनी माफ करावं. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि मला याच गावात राहायचंय.

काका, माझा मामेभाऊ मँचेस्टरला नोकरीला आहे. त्याच्या नादानं मीपण ब्लॅकबर्नवाला झालोय. आमच्या कट्ट्यावर एक जुना वाद मिटत नाही. २०१६-१७ च्या हंगामात ब्लॅकबर्नचे ५१ गुण झाले, शेवटची मॅच त्यांनी बाहेर जाऊन ३-१ नं मारली, तरी खाली गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेपण ५१ च, ते वाचले. पोरं म्हणतात नशीब फुटकं. मला पटत नाही. तुम्ही काय म्हणता?
*— एक चाहता, मंगळवार पेठ*

भावा, पटत नाही तेच बरोबर आहे. नशीब बिचारं उगाच बदनाम होतंय.

आधी त्या दुपारचा हिशेब बघ. चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची पायरी. २४ संघ, प्रत्येकाला ४६ मॅचेस, तळाचे तीन लीग वनमध्ये. ७ मे २०१७ ला शेवटच्या मॅचेस सुरू झाल्या तेव्हा तळाच्या दोन जागा ठरल्या होत्या, तिसरा कोण एवढंच राहिलं होतं. ब्लॅकबर्न ४८, फॉरेस्ट ४८, बर्मिंगहॅम ५०. गुण सारखे झाले तर गोलफरक बघतात, म्हणजे मारलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. तो ब्लॅकबर्नचा वजा १४, फॉरेस्टचा वजा १३. ब्लॅकबर्ननं ब्रेंटफर्डला ३-१ हरवलं, फॉरेस्टनं घरच्या मैदानावर इप्सविचला ३-०, बर्मिंगहॅमनं ब्रिस्टलला जाऊन १-०. तिघंही जिंकले! गोलफरक फॉरेस्टचा वजा १०, ब्लॅकबर्नचा वजा १२. दोन गोलांनी खाली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर घसरायची ती पहिलीच वेळ.

तुझी पोरं बघतात ती ही दुपार. मी त्याच्या आधीचा ऑगस्ट बघतो.

६ ऑगस्ट २०१६, हंगामाची पहिली मॅच, स्वतःचं ईवूड पार्क मैदान, समोर नॉर्विच. १-४. पुढच्या शनिवारी विगनकडं ०-३. हे विगन म्हणजे कुणी दादा संघ नव्हे. त्याच हंगामाच्या शेवटी तेपण ब्लॅकबर्नबरोबर खाली गेले. त्यानंतर चार दिवसांनी कार्डिफला १-२. या मॅचमध्ये कार्डिफच्या खेळाडूंनी एकही गोल केला नाही. दोन्ही गोल ब्लॅकबर्नचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, शेन डफी यानं आपल्याच जाळ्यात घातले, आणि वर रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. विगनच्या मॅचमध्येपण त्याचा एक सेल्फ गोल होताच. म्हणजे पाच दिवसांत तीन. आणि मे महिन्यात फरक निघाला दोन गोलांचा.

मी आयुष्यभर स्टॉपरला खेळलो, त्यामुळं सेल्फ गोलवर जरा जास्त बोलतो, वाचकांनी चालवून घ्यावं. गॅलरीतल्या माणसाला वाटतं हा गाफीलपणा. पण सेल्फ गोल करतो कोण? जो जीव खाऊन मागं पळत आलाय तो. आळशी स्टॉपरच्या पायाला तो बॉल लागतच नाही. विंगवरून कमरेखालून जोरात क्रॉस येतो, गोलकीपर आणि बॅकच्या मधल्या पट्ट्यात. तुझं तोंड आपल्याच गोलकडं. पाठीमागं त्यांचा फॉरवर्ड आहे हे बुटांच्या आवाजावरून कळतं, दिसत नाही. सोडला तर तो नुसता पाय लावणार. तू पाय घातलास तर बॉल कुठं जाईल याची खात्री नाही. उन्हाळ्यात शाहू स्टेडियम टणक झालेलं असतं, बॉल शेवटच्या टप्प्याला जास्तीचा उसळतो आणि बुटाऐवजी नडगीला लागतो. नडगीला लागलेला बॉल कुठं जायचं ते स्वतःच ठरवतो. मग गॅलरीतून जे शब्द येतात ते या मासिकात छापता येत नाहीत.

म्हणून डफीला मी शिव्या घालणार नाही. मला विचारायचंय ते वेगळं. जुलैत ग्रँट हॅन्ली हा स्टॉपर न्यूकॅसलला विकला. ऑगस्ट संपता संपता डफी ब्रायटनला विकला. एका उन्हाळ्यात दोन्ही मधले बॅक गेले. आणि ते ज्या दोन संघांत गेले, न्यूकॅसल आणि ब्रायटन, ते दोन्ही त्याच हंगामात पहिले-दुसरे येऊन प्रीमियर लीगमध्ये चढले. आता सांग, यात नशीब कुठं आलं? ही तर दुकानातली विक्री झाली.

दुसरी गोष्ट, जी कट्ट्यावर कुणी काढली नसेल. फॉरेस्ट त्या हंगामात २३ मॅचेस हरलं. ब्लॅकबर्न फक्त १९. चार पराभव कमी, तरी खाली! कारण फॉरेस्टनं जिंकल्या १४ आणि बरोबरी ९. ब्लॅकबर्ननं जिंकल्या १२ आणि बरोबरी १५. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोन गुण असत. त्या जुन्या हिशेबानं ब्लॅकबर्नचे ३९ होतात आणि फॉरेस्टचे ३७. म्हणजे नियम जुना असता तर फॉरेस्ट गेलं असतं. तीन गुणांच्या जमान्यात बरोबरी म्हणजे अर्धा विजय नव्हे, तिसरा हिस्सा. ७५ व्या मिनिटाला १-१ असताना सगळा संघ मागं घेऊन बसायची सवय ज्या प्रशिक्षकाला आहे त्याला हे गणित कागदावर मांडून दाखवावं लागतं.

फेब्रुवारीत प्रशिक्षक ओवेन कॉइल गेला. तो आधी शेजारच्या बर्नलीचा, त्यामुळं ब्लॅकबर्नच्या लोकांच्या पोटात पहिल्या दिवसापासून दुखत होतं. आपल्या पाटाकडील तालमीच्या माणसानं खंडोबा तालमीला कोचिंग करायला यावं असा प्रकार. टोनी मोब्रे आला, संघ सावरला, हरणं कमी झालं. पण नॉर्विचचा चौथा गोल आणि विगनचा तिसरा गोल कुणी परत घेऊन येत नाही.

आपल्याकडं हे गणित अंगवळणी पडत नाही याचंही कारण आहे. आपला जीव चषकात. चषक म्हणजे बाद पद्धत. तिथं ०-१ हरलं काय आणि ०-५ हरलं काय, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो दुसऱ्याचाच. त्यामुळं तीन गोल बसले की आपली पोरं मान खाली घालून चालायला लागतात. पब्लिकपण उठून पार्किंगकडं निघतं. लीगमध्ये मात्र ते शेवटचं अर्धवट खेळलेलं पाव तास वहीत लिहिलं जातं, आणि मार्च-एप्रिलला ती वही उघडते.

हे ब्लॅकबर्न नक्की आहे तरी कुठं? घरात दिवसभर तेच चाललेलं असतं. एवढं काय आहे त्यात?
*— एक गृहिणी, राजारामपुरी*

ताई, इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर म्हणून परगणा आहे, तिथलं हे सूतगिरण्यांचं गाव. आपल्याकडं शाहू मिलचा भोंगा होता, तिथं तसे कितीतरी भोंगे. गिरण्या बंद पडल्या, फुटबॉल राहिलं. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम या भागात, ब्लॅकबर्नच्या अगदी शेजारच्या डार्वेन गावात गिरणी कामगारांना भेटायला आले होते. आपल्या परदेशी मालावरच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं होतं त्यांनाच भेटायला.

१८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांपैकी हा एक. पुढं गावातलाच एक पोलादवाला, जॅक वॉकर, यानं पैसा ओतला आणि १९९५ ला ब्लॅकबर्न प्रीमियर लीग जिंकलं. ॲलन शिअररनं त्या हंगामात ३४ गोल मारले. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलला हरले, पण तिकडं मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाली आणि एका गुणानं विजेतेपद यांच्या पदरात पडलं. घरातल्या मंडळींना सांगा, नशिबाची रड काढायची असेल तर १९९५ पण आठवा म्हणावं.

आम्ही जुने लोक. क्लबला मालक असतो हीच कल्पना आम्हाला विचित्र वाटते. नातवानं सांगितलं की पुण्याच्या मालकांवर चिडून तिकडच्या लोकांनी भर मॅचमध्ये मैदानावर कोंबडी सोडली. हे खरं आहे का? आणि असलं वागणं शोभतं का?
*— एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ*

गुरुजी, कोंबडी खरी आहे. ७ मे २०१२, ईवूड पार्क, समोर विगन. ब्लॅकबर्नचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात फिरत होती. मॅच ०-१ गेली आणि संघ प्रीमियर लीगमधून खाली आला. (तारीख बघा. पाच वर्षांनी वरच्या पत्रातलं प्रकरण झालं तेपण ७ मे लाच.)

पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीनं क्लब घेतला नोव्हेंबर २०१० ला, २ कोटी ३० लाख पौंडांना. पुढच्याच महिन्यात सॅम ॲलरडाइससारखा जुना जाणता मॅनेजर काढला आणि त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवलं. संघ रेटत होता तोवर चाललं. खेळाडूंना चिकनच्या जाहिरातीत बसवलं, रोनाल्डिनिओला आणायच्या बाता झाल्या, २०११ च्या ऑक्टोबरात संघ पुण्याला येऊन बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनपण गेला. इकडचे काही हौशी गाडी करून गेले होते, येताना साताऱ्यात जेवून आले. तिकडं लोकांचा पारा मात्र चढत होता. खाली आल्यावरच्या हंगामात तर कीन गेल्यावर हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि मायकल ॲपलटन ६७ दिवस. एवढ्यात पोरांची नावंपण पाठ होत नाहीत.

शोभतं का म्हणाल, तर कोंबडीचा काय दोष? आणि ज्यांना ऐकवायचं ते पुण्यात. हसू येतं, पण माझी सहानुभूती त्या लोकांकडं आहे. त्यांचं खरं दुखणं पैसा नव्हे. पैसा मालकांनी घातला. क्लब तोट्यात असताना वर्षानुवर्षं पदरचे घातले, हे त्यांचे टीकाकारपण कबूल करतात. दुखणं हे की विचारायचं कुणाला? आपल्याकडं संघ हरला की संध्याकाळी तालमीच्या दारात अध्यक्ष उभा असतो, नसला तर घर माहीत असतं. त्याला चहा पाजत पाजत लोक सोलतात. ‘त्या पोराला का बसवलंस?’ याचं उत्तर द्यावंच लागतं, कारण उद्या वर्गणीला त्याच दारात जायचंय. ईवूड पार्कच्या माणसाला ते दार नाही.

पण गुरुजी, आपणही छाती फुगवायचं कारण नाही. वर्गणीवर आता कुठली तालीम चालते? बाहेरचे खेळाडू येतात, परदेशी येतात, त्यांचं राहणं-जेवण, बिदागी. हा खर्च एखादा दानशूर उचलतो, आणि निवडणूक झाली की त्याचा उत्साह कुठं जातो हे तुम्हालापण माहीत आहे. मालक नाही म्हणून आपण सुखी, हे अर्धंच खरं. सात-बारा आपल्या नावावर आहे, विहिरीची मोटर दुसऱ्याची आहे.

संघ सलग हरायला लागला की चाहत्यानं दुसरा संघ धरला तर चालतं का?
*— एक विद्यार्थी, कसबा बावडा*

टीव्हीवरचा असेल तर धर, कोण बघतंय. पेठेतला असेल तर आधी घर बदल.

माझा मुलगा चौदा वर्षांचा. त्याचा संघ हरला की त्या रात्री जेवत नाही. फुटबॉल बघणं बंद करावं का?
*— एक आई, उद्यमनगर*

बंद करू नका ताई. जेवण झाकून ठेवा आणि त्याच्याशी मॅचबद्दल काहीही बोलू नका, विशेषतः ‘खेळच आहे तो’ हे वाक्य तर अजिबात नको. अकरा वाजेपर्यंत तो स्वयंपाकघरात येतो. आणि रविवारी त्याला बघायला नको, खेळायला पाठवा. स्वतः हरून आलेलं पोर दोन भाकऱ्या जास्त खातं.

ब्लॅकबर्न खाली गेलं तरी परत आलं असं वाचलं. पण क्लब कायमचा बंद पडतो का? आमच्याकडं मंडळं फुटतात, दोनाची चार होतात, पण बंद पडलेलं ऐकलं नाही.
*— एक वाचक, इचलकरंजी*

परत आलं हे खरं. लीग वनमध्ये २०१७-१८ ला ९६ गुण घेऊन दुसरे आले आणि वर्षाच्या आत वर चढले. तोच मोब्रे प्रशिक्षक. खाली गेल्यावर त्याला काढला नाही, हा त्या मालकांचा माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय. सतरा ठिकाणी चूक दाखवली, तर ही एक जागाही दाखवायला हवी.

बंद पडण्याचं म्हणाल तर ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेलं बरी हे गाव बघा. बरी फुटबॉल क्लब १८८५ चा. १९०० आणि १९०३ असे दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद पद्धतीचा मोठा चषक, जिंकलेला, १९०३ च्या फायनलला तर डर्बीला ६-० नं झोडपलेलं. २०१९ च्या वसंतात हा संघ लीग टूमधून, म्हणजे चौथ्या पायरीवरून, वर चढला. लोक रस्त्यावर नाचले. आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला लीगनं त्यांना काढून टाकलं. का? देणी थकली होती, आणि क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा मालकाला देता आला नाही. त्या हंगामात लीगची एकही मॅच ते खेळले नाहीत.

म्हणजे बघा, संघ मैदानावर जिंकत होता. गुणतक्त्यात वर होता. हंगाम वाईट म्हणतात तो काही वेळा गुणतक्त्यात दिसतच नाही, हिशेबाच्या वहीत असतो, आणि ती वही चाहत्याला कुणी दाखवत नाही. त्यामुळं ओरडा झाला, चौकशा झाल्या, आणि शेवटी २०२५ च्या जुलैत ब्रिटिश संसदेचा कायदा होऊन क्लबांच्या मालकांवर आणि पैशांवर नजर ठेवणारा स्वतंत्र नियामक आला. बरीच्या लोकांनी मात्र कायद्याची वाट बघितली नाही. स्वतःचा संघ काढला, अगदी तळाच्या पायऱ्यांवरून खेळायला लागले, आणि २०२३ ला आपल्या जुन्या गिग लेन मैदानावर, जुन्या नावानं परत उभे राहिले.

तुमच्याकडं मंडळं फुटतात म्हणताय, तर फुटू देत. फुटलेल्यात निदान दोन्हीकडं माणसं असतात.

सर, मी उपनगरातल्या एका संघाला शिकवतो. संघ नवा, पोरं कॉलेजची. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये मोठ्या तालमींसमोर ०-३ झालं की पोरं हातपाय गाळतात. त्यावेळी बाहेरून काय ओरडू?
*— एक प्रशिक्षक*

ओरडू नको, ऐकू जात नाही. हलगी आणि पब्लिक यात तुझा आवाज मधल्या रेषेपर्यंतपण पोचत नाही. माणूस बदल, ते दिसतं. ०-३ झाल्यावर पहिला बदल फॉरवर्डचा. चिडलेला फॉरवर्ड मागं यायचं बंद करतो, तिथूनच चौथा गोल येतो. त्याच्या जागी ताज्या दमाचा हाफ घाल, नवखा असला तरी चालेल. त्याला सांग, बॉल मिळाला की पुढं नको, बाजूला दे.

कॉर्नर मिळाला की दोन्ही स्टॉपर वर पळतात, इभ्रतीचा गोल मारायला. एकालाच जाऊ दे. गोलकीपरला सांग, बॉल हातात आला की घाई नको. तीन गोल खाल्लेला कीपर लाजेपोटी बॉल पटकन लांब फेकतो आणि तोच बॉल पाच सेकंदांत परत येतो. आणि तुझा कॅप्टन जो कोण असेल, त्याला आदल्या दिवशी गुणतक्ता नीट समजावून सांग: आपल्या वर कोण, खाली कोण, किती गोलांचं अंतर आहे. मैदानात एका तरी पोराच्या डोक्यात तो आकडा असला पाहिजे.

मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय झापायचं ते झाप, पण फक्त चौथ्या गोलावर झाप. पहिल्या तिन्हींवर घरी जाईपर्यंत सगळी गल्ली झापणारच आहे.